जुन्या घड्याळाचं आणि जुन्या फर्निचरचं मूळ कसं शोधायचं

जुन्या घड्याळाच्या तबकडीवर नाव दिसलं की बहुतेकांचा शोध तिथेच संपतो. नाव मिळालं म्हणजे बनवणारा मिळाला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते नाव अनेकदा दुकानदाराचं असतं, कधी तबकडी रंगवून घेणाऱ्याचं, तर कधी नुसतं दिशाभूल करणारं. हॅम्बर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी हे नाव वाचून घड्याळ अमेरिकन आहे असं कोणालाही वाटेल. पण 1883 साली सुरू झालेला हा कारखाना जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात, श्राम्बर्ग गावी होता. फर्निचरची अडचण याच्या उलट. तिथे बहुतेक वेळा नावच नसतं, मग पायांचा आकार आणि नक्षी पाहून ‘अमुक शैली, म्हणजे अमुक काळ’ असा निकाल लावला जातो. शैली मात्र शंभर वर्षांनीही पुन्हा फॅशनमध्ये येते आणि तशीच्या तशी उतरवली जाते.

म्हणून सुरुवातीलाच प्रश्न बदलून घ्यावा. ‘ही वस्तू कुठली?’ असं विचारण्याऐवजी ‘हिचा कोणता भाग कुठला?’ असं विचारावं. यंत्र एका गावचं, तबकडी दुसऱ्या शहरातली, लाकडी पेटी तिसऱ्याच ठिकाणच्या सुताराची, हे जुन्या घड्याळांत अगदी सर्रास आढळतं. कपाटाचं लाकूड समुद्रापलीकडून आलेलं, कुलूप कारखान्यातलं आणि जोडकाम गावातलं असू शकतं. हे धागे वेगळे करता आले, तरच मूळ शोधण्याच्या कामाला अर्थ राहतो.

पुसायच्या आधी

वस्तू हातात आली की पहिली इच्छा होते ती पुसून चकचकीत करायची. ती आवरा. पुराव्याचं सर्वांत जास्त नुकसान चोर-भामट्यांपेक्षा ओल्या फडक्याने आणि पॉलिशच्या डब्याने झालेलं आहे. मागच्या फळीवरची पेन्सिलीतली पुसट अक्षरं, अर्धवट उरलेलं कागदी लेबल, जुन्या हँडलभोवती साचलेला काळा थर, यातलं काहीही एकदा गेलं की परत मिळत नाही.

आधी फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, खालून आणि आतून. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या पाचही फळ्यांचे फोटो घ्या, आणि खण निघाल्यावर जी पोकळी दिसते तिचेही. मग खोलीत अंधार करून बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. समोरून प्रकाश टाकल्यावर सपाट दिसणाऱ्या फळीवर तिरप्या उजेडात रंध्याच्या लाटा, करवतीचे ओरखडे, दाबून मारलेले शिक्के आणि कोरलेली अक्षरं उठून दिसतात. मोबाइलचा कॅमेरा आणि एक साधी बॅटरी एवढ्यावर या कामातलं निम्मं निरीक्षण होतं.

मापं मिलिमीटरमध्ये घ्या. उंची, रुंदी, खोली तर घ्याच, पण फळ्यांची जाडी, तबकडीचा व्यास आणि लंबकाची लांबीही घ्या. ही किरकोळ वाटणारी मापं पुढे संग्रहालयातल्या नोंदींशी ताडून पाहताना उपयोगी पडतात.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. घड्याळ हलवण्याआधी लंबक आणि वजनं काढून ठेवा. चावीच्या घड्याळाची स्प्रिंग भरलेली असेल, तर यंत्राचे स्क्रू स्वतः सैल करू नका. ती स्प्रिंग अचानक सुटली तर बोटं आणि दातेरी चाकं दोन्ही जायबंदी होतात. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, अंधारात चमकणारे आकडे असलेल्या घड्याळांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक आता विझली असली तरी किरणोत्सर्ग उरलेला असतो. तो रंग खरवडू नका, काच उघडून फुंकरही मारू नका.

घरात सांगितली जाणारी गोष्ट

वस्तूबरोबर बहुधा एक गोष्ट येते: पणजोबांनी परदेशातून आणलं, कुठल्याशा राजघराण्यातलं आहे, दोनशे वर्षं जुनं आहे. ही गोष्ट उडवून लावू नका आणि खरीही मानू नका. जशी सांगितली तशी, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

विचारताना नेमकं विचारा. ही वस्तू तुम्ही स्वतः पहिल्यांदा कुठे पाहिलीत? तेव्हा ती कोणत्या खोलीत होती? कधी दुरुस्तीला दिली होती का, पॉलिश केली होती का? जुन्या समारंभाच्या फोटोत ती मागे कुठे दिसते का? माणसांना साल आठवत नाही, पण कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर हे आठवतं. माझ्या अनुभवाने कौटुंबिक गोष्टीतलं वय फुगलेलं असतं, पण वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली ही साखळी बऱ्यापैकी विश्वासार्ह निघते.

घड्याळ: तबकडीपासून आत

घड्याळात तीन वस्तू असतात: तबकडी, यंत्र आणि पेटी. त्यांचा तपास वेगवेगळा करायचा.

तबकडीवरचं नाव आणि गाव जसं आहे तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट उतरवून घ्या. इंग्लंडच्या उंच उभ्या घड्याळांवर गावच्या घड्याळजीचं नाव असतं, पण रंगवलेली पांढरी तबकडी त्याने केलेली नसते. बर्मिंगहॅमच्या ऑस्बोर्न आणि विल्सन यांनी 1772 मध्ये अशा तबकड्यांची जाहिरात दिली, आणि पुढे देशभरचे घड्याळजी त्या तयार विकत घेऊ लागले. तबकडी आणि यंत्र यांच्यामध्ये अनेकदा एक ओतीव लोखंडी पट्टी असते. तबकडी बनवणाऱ्याचं खरं नाव तिच्यावर सापडतं, ते बाहेरून कधीच दिसत नाही. म्हणजे रंगीत तबकडी असलेलं इंग्लिश घड्याळ सतराव्या शतकातलं आहे असं कोणी म्हणालं, तर एकतर ते विधान चुकीचं आहे किंवा तबकडी नंतर बसवलेली आहे.

आता यंत्राची मागची प्लेट पाहा. इथे शिक्के, आकडे, पेटंटच्या तारखा आणि पदकांची चित्रं असतात. प्रत्येक आकडा अनुक्रमांक नसतो, आणि नवख्या माणसाची गाडी नेमकी इथे अडते. जर्मन यंत्रावर 42 आणि 116 असे दोन आकडे शेजारी दिसले, तर पहिला लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि दुसरा मिनिटाला पडणारे ठोके असण्याची शक्यता मोठी. जुन्या फ्रेंच यंत्रावरचे दोन छोटे आकडे लंबकाची लांबी पूस आणि लीन्य या जुन्या मापांत सांगतात. एक पूस म्हणजे सुमारे 27 मिलिमीटर आणि त्याचे बारा भाग म्हणजे लीन्य. ‘5 4’ पाहून वर्ष 1854 ठरवलेली वर्णनं विक्रीच्या याद्यांमध्ये मी वाचली आहेत. लंबकाच्या गोळ्यावरची आर आणि ए ही अक्षरंही कोणाची आद्याक्षरं नव्हेत. घड्याळ हळू किंवा जलद चालवण्यासाठी लंबकाचा पेच कोणत्या बाजूने फिरवायचा, ते सांगणाऱ्या फ्रेंच शब्दांची ती पहिली अक्षरं आहेत.

खरे तारखेचे संकेतही असतात, फक्त ते वाचण्याची रीत कारखान्यागणिक बदलते. अमेरिकेच्या सेथ थॉमस कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेबलावरच्या घड्याळांच्या पेटीखाली किंवा मागे साल उलटं छापलं आणि पुढे महिन्यासाठी अक्षर दिलं. ‘8981 सी’ म्हणजे मार्च 1898. जर्मनीच्या युंगहान्स कंपनीच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या यंत्रांवर ए म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग आणि बी म्हणजे दुसरा. ‘बी 12’ असेल तर 1912 चा उत्तरार्ध. गुस्टाव्ह बेकर या कंपनीच्या यंत्रांवर सलग अनुक्रमांक आहेत आणि त्यांवरून साल सांगणारे तक्ते अभ्यासकांनी तयार केले आहेत. पण तिचे फ्रायबुर्ग आणि ब्राउनाउ इथले कारखाने स्वतंत्र क्रमांक वापरत. ब्राउनाउचा छोटा क्रमांक फ्रायबुर्गच्या तक्त्यात शोधला, तर घड्याळ काही दशकं म्हातारं होऊन बसतं.

पेटंटची तारीख आणि प्रदर्शनातलं पदक हे दोन्ही पुरावे एकाच दिशेने चालतात: वस्तू त्याच्या आधीची नाही, एवढंच ते सांगतात. ‘पॅरिस 1900’ असं पदक कोरलेलं फ्रेंच यंत्र 1900 मध्येच झालं असं नाही. ते 1900 च्या आधीचं नाही, आणि पुढची अनेक वर्षं तोच शिक्का वापरात असू शकतो. हा नियम मनात इतका भिनला पाहिजे की प्रत्येक खुणेपुढे ‘याच्या आधीची नाही’ हे शब्द आपोआप उमटावेत.

पेटीच्या आतली कागदी लेबलं अमेरिकन घड्याळांत खजिन्यासारखी असतात. त्यांवर कंपनीचं नाव, गाव आणि चालवण्याच्या सूचना छापलेल्या असतात, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत छपाई करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. हार्टफर्ड शहरातला मुद्रक एलिहू गीअर याचा पत्ता वेळोवेळी बदलला आणि त्या पत्त्यावरून लेबलाचा काळ काही वर्षांच्या आत आणता येतो. गावाचं नावही बोलकं असतं. सेथ थॉमसच्या लेबलावर प्लिमथ हॉलो असेल तर ते जुनं. 1860 च्या दशकात त्या वस्तीला संस्थापकाच्या नावावरून थॉमस्टन म्हणू लागले.

यंत्र पेटीतून निघत असेल, तर पुढच्या प्लेटवर सुईने खरवडलेली बारीक अक्षरं भिंगाने शोधा. दुरुस्ती करणारे आपलं नाव, तारीख, कधी गावही असं खरवडून ठेवत. या नोंदी घड्याळ कुठे जन्मलं ते सांगत नाहीत, पण कोणत्या सालात कोणत्या गावात होतं ते सांगतात. घराण्यातली गोष्ट तपासायला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

देशाचं नाव आणि कायदा

वस्तूवर देशाचं नाव छापलेलं असणं हा कायद्याचा परिणाम आहे, म्हणून त्याला तारखेचं मोल आहे. अमेरिकेत 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत देणं सक्तीचं झालं आणि मार्च 1891 पासून ते लागू झालं. ब्रिटनने 1887 मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला होता. त्यामुळे नुसतं ‘जर्मनी’ किंवा ‘फ्रान्स’ लिहिलेलं यंत्र बहुधा 1890 च्या आसपासचं किंवा नंतरचं. ‘मेड इन’ हे शब्द विसाव्या शतकात जास्त रुळले. ‘वेस्ट जर्मनी’ 1949 नंतरचं, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांचं, 1952 पर्यंतचं. देशाचं नाव नसलं म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. देशातच विकायच्या मालावर ते टाकायची गरज नव्हती, आणि चिकटवलेली कागदी पट्टी गळूनही पडते.

ब्रिटिश वस्तूंवर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिसली, तर ती 1842 ते 1883 या काळातली नक्षी-नोंदणीची खूण आहे. वरच्या वर्तुळात मालाचा वर्ग रोमन आकड्यात असतो, धातूसाठी एक आणि लाकडासाठी दोन. कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून दिवस, महिना आणि साल काढता येतं. 1884 पासून तिच्या जागी आर आणि डी ही अक्षरं आणि सलग क्रमांक आला. या नोंदणीची मूळ दफ्तरं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुन्हा तेच: नोंद झाली ती नक्षीची, तुमच्या हातातली वस्तू त्यानंतर कधीही बनलेली असू शकते.

फर्निचर: लपलेली बाजू खरं बोलते

दर्शनी बाजू सुताराने गिऱ्हाईकासाठी केलेली असते. मागची फळी, खणाचा तळ, टेबलाची खालची बाजू इथे त्याने वेळ आणि पैसा वाचवला, म्हणून त्याच्या हातची हत्यारं आणि त्याच्या परिसरातलं लाकूड तिथे उघडं पडतं.

लाकडापासून सुरुवात करा. दर्शनी महोगनीवरून प्रांत कळत नाही, कारण ती बोटीने सगळीकडे जात होती. खणाच्या बाजू आणि मागची फळी मात्र जवळ मिळणाऱ्या स्वस्त लाकडाची असते. अमेरिकेतल्या कपाटात आत ट्युलिप पॉप्लर किंवा व्हाइट पाइन सापडतं. इंग्लिश कपाटात ओक किंवा बाल्टिक भागातून आलेलं पाइन. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन कपाटांत अटलांटिक महासागराएवढा फरक खणाच्या तळावरून ठरतो. लाकूड नुसत्या रंगावरून ओळखू नका, जुनेपणाने सगळीच लाकडं तपकिरी होतात. आडवा छेद दिसेल अशी जागा शोधून तिथली छिद्रं आणि किरणरेषा (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेघा) भिंगाने पाहा.

मग करवतीच्या खुणा. सरळ, समांतर पण थोडे कमीजास्त अंतराचे ओरखडे म्हणजे हाताची किंवा वरखाली चालणारी करवत. कमानीसारखे वळलेले ओरखडे म्हणजे गोल करवत, आणि फर्निचरच्या लाकडावर ती 1830 च्या आधी क्वचितच भेटते. मात्र दुर्गम भागात हातकरवत त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालली, त्यामुळे सरळ ओरखडे दिसले म्हणून लगेच जुनेपणाचं प्रमाणपत्र देऊ नये.

स्क्रू एकच, पण मूळ जागचा वाटणारा निवडून काढा. हाताने घासलेल्या स्क्रूची खाच मधोमध नसते, आटे असमान असतात आणि टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू यंत्राने करण्याचं थॉमस स्लोन यांचं अमेरिकन पेटंट 1846 चं. 1854 मध्ये ते तंत्र ब्रिटनमध्ये नेटलफोल्ड यांच्याकडे आलं आणि त्यांच्या कारखान्याने बोथट स्क्रूला बाजारातून हटवलं. टोकदार स्क्रू, आणि भोवतालच्या लाकडाला दुसरं कोणतंही जुनं भोक नाही, असं दोन्ही जुळलं तर वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची. खिळ्यांचंही असंच: लोहाराने ठोकलेले सर्वांत जुने, पत्र्यातून कापलेले चौकोनी छेदाचे साधारण 1790 च्या दशकापासून, आणि तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्वत्र झाले.

खणाच्या कोपऱ्यातला डव्हटेल सांधा, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारखे रुंदावत जाणारे दाते एकमेकांत अडकवून केलेला जोड, बहुतेकांना माहीत असतो. हाताने कापलेला असेल तर शेपट्या कमीजास्त रुंदीच्या असतात आणि आखणीची बारीक रेघ फळीवर उरलेली असते. यंत्राचा असेल तर सगळ्या एकसारख्या. अमेरिकेत एक तिसरा प्रकारही आहे. चार्ल्स नॅप यांच्या 1867 च्या पेटंटवरून निघालेला अर्धगोल सांधा, ज्यात प्रत्येक अर्धगोलाच्या मध्ये एक खुंटी दिसते. तो सुमारे 1900 पर्यंतच टिकला. असा खण मिळाला तर देश आणि तीसेक वर्षांची चौकट एका नजरेत ठरते, एवढा नेमका पुरावा फर्निचरमध्ये फार कमी वेळा हाती येतो.

माझी सर्वांत आवडती चाचणी टेपने होते. लाकूड आटतं ते रेष्यांना आडवं. रेष्यांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे घन लाकडाचं गोल टेबल शंभर-दीडशे वर्षांत किंचित लंबगोल होतं. एक व्यास रेष्यांच्या दिशेने मोजा, दुसरा त्याला आडवा. आडवा व्यास काही मिलिमीटर कमी भरायला हवा. दोन्ही अगदी सारखे आले, तर वरचा भाग नवा असण्याची, पुन्हा गोल कापलेला असण्याची किंवा प्लायवुडवर व्हिनिअर (चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा) असण्याची शंका घ्या. कातलेल्या खांबासारख्या पायांवर कॅलिपर या जाडी मोजायच्या साधनाने हीच चाचणी करता येते.

शेवटी धातूचं सामान. खणाच्या दर्शनी फळीला आतून पाहा. आज एक हँडल आहे, पण आत बुजवलेली आणखी दोन भोकं दिसली, तर हँडल बदललं आहे आणि त्यावरून काळ ठरवणं व्यर्थ. झीज तर्काला धरून आहे का, हेही बघा. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकतात, तिथे ती झिजते. खण सरकतो तिथल्या दोन्ही पृष्ठभागांची झीज एकमेकांशी जुळते. जिथे हात पोचतच नाही तिथे गुळगुळीतपणा दिसला, तर तो मुद्दाम आणलेला असू शकतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची बाहेर पडायची भोकं गोल असतात. पृष्ठभागावर लांबट, उघडी पडलेली भुयारं दिसली, तर पोखरलेलं जुनं लाकूड नंतर कापून वापरलेलं आहे.

प्रांत कशावरून कळतो

देश कळला तरी प्रांत कळायला वेगळी नजर लागते. स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं मोरा गाव हे याचं सर्वांत शिकवणारं उदाहरण. तिथली शेतकरी कुटुंबं अठराव्या शतकाच्या मध्यापासून घड्याळाची यंत्रं बनवू लागली. वेगवेगळी घरं वेगवेगळे भाग करत. तबकडीवर अनेकदा ए.ए.एस. अशी अक्षरं असतात, ती ओस्टनोर वस्तीतल्या क्रांग आंद्रेस अंदेर्सोन यांची. पण यंत्र बहुतेक वेळा पेटीशिवाय विकलं जाई. विकत घेणारा आपल्या गावच्या सुताराकडून पेटी करून घेई आणि ती त्या भागातल्या चालीने रंगवली जाई. म्हणजे यंत्र मोराचं, आणि पेटीचा घाट व रंग गिऱ्हाईकाच्या प्रांताचे. तबकडी वाचून ‘मोराचं घड्याळ’ म्हणणं बरोबर आहे, पण ते अर्धं उत्तर आहे. फ्रान्सच्या कोंत्वाझ घड्याळांची गोष्टही अशीच: यंत्रं मोरे आणि मोर्बिए भागातली, तबकडीवरचं नाव मात्र दूरच्या गावातल्या विक्रेत्याचं.

इंग्लंडच्या विंडसर खुर्च्यांत (लाकडी बैठकीत पाय आणि पाठीच्या काड्या खोचलेल्या खुर्च्या) बैठक बहुधा एल्मची असते. हाय विकम परिसरात पाय बीचचे. उत्तरेकडे नॉटिंगहॅमशरमधल्या वर्कसॉप आणि रॉकली इथल्या चांगल्या खुर्च्यांत यू लाकूड भेटतं आणि बैठकीच्या कडेवर बनवणाऱ्याचा शिक्काही. म्हणून बैठकीची मागची कड बोटाने चाचपून पाहा, रंगाच्या थराखालीही शिक्क्याचा खळगा लागतो. जपानच्या तान्सु कपाटांत प्रांत लोखंडी पट्ट्यांच्या घडणीवरून कळतो आणि खणांच्या मागे शाईने लिहिलेली तारीख किंवा नावही मिळतं. आल्प्सच्या परिसरातली रंगवलेली कपाटं वर्ष आणि आद्याक्षरं दर्शनी भागावरच मिरवतात. ते वर्ष बहुधा लग्नाचं असतं, पण जुन्या कपाटावर नंतर रंगवलेलंही असू शकतं. आकड्यांखाली दुसरा रंग दिसतो का, ते तिरप्या प्रकाशात बघा.

पॅरिसच्या फर्निचरला नियमांचा आधार आहे. 1743 च्या नियमांपासून 1791 मध्ये व्यवसायसंघ बरखास्त होईपर्यंत तिथल्या उस्ताद सुतारांना आपला शिक्का मारावा लागे, आणि संघाच्या तपासणीची जे.एम.ई. ही अक्षरंही भेटतात. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांबाबत मात्र उलट सावधगिरी हवी. थोनेट कंपनीची 14 नंबरची खुर्ची 1859 ची. तिचं संरक्षण 1869 मध्ये संपल्यावर याकोब आणि योसेफ कोन यांच्यासह अनेक कारखान्यांनी तसाच माल काढला. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूचं लेबल किंवा शिक्का वाचल्याशिवाय थोनेट हे नाव घेऊ नका.

जोडून केलेल्या वस्तू

एका घड्याळाची पेटी आणि दुसऱ्याचं यंत्र एकत्र बसवलेलं वरचेवर भेटतं. उंच घड्याळाचं दार उघडून आत बघा. लंबकाच्या गोळ्याने घासून पेटीच्या पाठीवर किंवा बाजूंवर खुणा पडलेल्या असतात. आजच्या लंबकाच्या उंचीशी त्या जुळत नसतील, तर पूर्वी इथे दुसरं यंत्र होतं. यंत्र ठेवण्याच्या फळीत वापरात नसलेली भोकं, खाली सारलेले लाकडाचे तुकडे, तबकडी आणि तिच्यासमोरची चौकट यांत राहिलेली फट, या सगळ्याचा अर्थ तोच. कपाटांच्या बाबतीत वरचा आणि खालचा भाग वेगळ्या वस्तूंचा असतो का, ते पाठीमागच्या फळ्यांची जाडी, लाकूड आणि सांधे ताडून कळतं. अशी जोडणी म्हणजे लबाडीच असं नाही. किती तरी वेळा ती शंभर वर्षांपूर्वी गरजेपोटी झालेली असते. पण नोंदीत ती आलीच पाहिजे.

कागदांत शोध

आता हातात नावं, गावं, शिक्के आणि काळाच्या चौकटी आहेत. शोधाला कागदांची जोड इथे द्यायची, आधी नाही. नाव आधी शोधलं की डोळे त्याला अनुकूल तेवढंच पाहू लागतात.

गावाचं आजचं नाव आधी काढा. बेकरचं सायलेशियातलं फ्रायबुर्ग आज पोलंडमधलं श्वेबोझित्से आहे आणि ब्राउनाउ म्हणजे चेक प्रजासत्ताकातलं ब्रोउमोव्ह. आजच्या नकाशात जुनं नाव शोधलं तर दुसरंच फ्रायबुर्ग सापडेल. नाव त्या त्या भाषेच्या लिपीत आणि दोन-तीन स्पेलिंगने शोधा.

ब्रिटनसाठी जुन्या व्यापारी निर्देशिका, म्हणजे गावोगावच्या व्यावसायिकांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्या, लेस्टर विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहेत. सुतारांसाठी ब्रिटिश आणि आयरिश फर्निचर बनवणाऱ्यांचा मोफत माहितीकोश ऑनलाइन आहे, आणि प्रांतिक फर्निचरला वाहिलेली रीजनल फर्निचर सोसायटीही आहे. 1710 पासून शिकाऊ उमेदवारांच्या करारांवर तिथे कर होता, त्याच्या नोंदवह्यांत उस्ताद आणि शागीर्द दोघांची नावं मिळतात. अमेरिकन घड्याळांसाठी पेनसिल्व्हेनियातली घड्याळप्रेमींची राष्ट्रीय संघटना, जर्मनसाठी फुर्टवांगेनचं घड्याळ संग्रहालय. जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संग्रहात फुकट वाचता येतात. पेटंट क्रमांक असेल तर मूळ आराखडा मिळवून यंत्राशेजारी ठेवा, यात विलक्षण आनंद असतो.

निर्देशिकेत नाव सापडलं की तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत त्या पत्त्यावर दिसतो ते उतरवा. एकाच नावाचे बाप-लेक दोन पिढ्या तोच धंदा करत असतात. तिथे वस्तूवरून आलेली काळाची चौकट निर्णय देते, यादी देत नाही. विक्रीच्या जाहिरातीतलं वर्णन मात्र पुरावा म्हणून धरू नका. एकाची चूक दुसरा उचलतो आणि दहा ठिकाणी दिसली म्हणून ती खरी वाटू लागते.

प्रयोगशाळेची मदत क्वचितच लागते. ओकच्या वस्तूत पुरेशी वार्षिक वलयं दिसत असतील, तर वलयमोजणीने झाड केव्हा वाढत होतं आणि कोणत्या भागात, हे कळू शकतं. कार्बन चाचणीवर पैसे घालवू नका. साधारण 1650 नंतरच्या लाकडाला ती एकमेकांपासून लांबलांबचे अनेक कालखंड देते.

निष्कर्ष कसा लिहायचा

प्रत्येक भागासाठी वेगळी ओळ करा: काय दिसलं, त्यावरून काय निघतं, आणि किती खात्रीने. खात्रीच्या तीन पायऱ्या पुरतात: सिद्ध, संभाव्य, नुसता अंदाज. एका घड्याळाची नोंद अशी दिसेल: ‘यंत्र: युंगहान्स, शिक्का आणि बी 12, म्हणजे 1912 चा उत्तरार्ध, सिद्ध. पेटी: अक्रोडाचं व्हिनिअर, लंबकाच्या घासल्याच्या खुणा जुळतात, भोकं जादा नाहीत, यंत्राबरोबरचीच, संभाव्य. तबकडीवरचं नाव विक्रेत्याचं, निर्देशिकेत नाव सापडलं नाही, अंदाज. कौटुंबिक माहिती: 1930 च्या सुमारास विकत घेतलं, पुरावा नाही.’ शेवटची ओळ इतकीच कोरडी ठेवा.

फोटोंवर तारीख टाका आणि कागदाची एक प्रत वस्तूबरोबर ठेवा. मात्र ती चिकटवू नका. डिंक आणि सेलोटेप दोन्ही लाकडाला डाग पाडतात. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून पाकीट खणात सैल ठेवा, आणि घड्याळाच्या बाबतीत लंबकाच्या वाटेत येणार नाही अशा बेताने पेटीच्या तळाशी.